काचरूप घन पदार्थांतील आयन वहन

काच किंवा काचेसारखी अस्फटिकी (अणूंची नियमित व पुनरावर्ती मांडणी नसलेली) संरचना असलेल्या घन पदार्थातून आयनांचे (विद्युत् भारित अणूंचे किंवा अणुगटांचे) एका जागेहून दुसऱ्या जागी होणारे स्थलांतर म्हणजे काचरूप घन पदार्थांतील आयन वहन होय. नेहमीच्या व्यवहारात काच ही विद्युत् निरोधक म्हणून ओळखली जाते. तथापि ती पूर्णपणे निरोधक नसते. काच तापविली असता तिची विद्युत् संवाहकता झपाट्याने वाढते आणि हा विद्युत् प्रवाह धातूंतल्याप्रमाणे इलेक्ट्रॉन वाहून नेत नाहीत, तर सोडियम, लिथियम, पोटॅशियम, चांदी यांसारख्या मूलद्रव्यांचे एकसंयुजी धनायन वाहून नेतात. या घटनेत विलक्षण गोष्ट अशी की, काचेचे सांगाडारूप जाळे गोठलेले व कठीण असताना त्याच्या पोकळ्यांतून काही आयन जवळजवळ द्रवातल्यासारखे सरकत असतात. आयन नेमके कसे सरकतात, किती आयन वहनात भाग घेतात आणि काचेच्या रासायनिक संघटनावरून तिची संवाहकता आगाऊ सांगता येईल काय, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी विविध सैद्धांतिक प्रतिकृती मांडण्यात आल्या आहेत. घन विद्युत् घट, रासायनिक संवेदक, चिवट काचा आणि अणुकेंद्रीय अपशिष्टाची काचेत होणारी साठवण यांच्या दृष्टीने या प्रतिकृतींना मोठे व्यावहारिक महत्त्व आहे.

इतिहास : घन पदार्थातून आयनांच्या द्वारे विद्युत् वहन होऊ शकते, याची पहिली चिन्हे मायकेल फॅराडे यांच्या प्रयोगांत दिसतात. सिल्व्हर सल्फाइडाची संवाहकता तापमानाबरोबर वाढते, असे त्यांना १८३३ मध्ये आढळले. धातूंचे वर्तन याच्या नेमके उलट असते. काचेपुरता निर्णायक पुरावा एमिल व्हारबुर्ख या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८८४ मध्ये दिला. त्यांनी तापविलेल्या काचेच्या धनाग्राकडील बाजूस सोडियम व पारा यांचे पारदमेल ठेवून विद्युत् प्रवाह सोडला. तेव्हा पारदमेलातील सोडियम काचेत शिरले व तितकेच सोडियम दुसऱ्या बाजूने बाहेर पडले. काच मात्र स्वच्छ व अखंड राहिली. वाहून गेलेले सोडियम व वाहिलेला विद्युत् भार यांचे प्रमाण फॅराडे यांच्या विद्युत् विच्छेदन नियमास धरून होते. धनाग्राकडे सोडियमाचा पुरवठा नसल्यास तेथे सोडियमरहित थर तयार होऊन प्रवाह मंदावतो, असेही दिसून आले. यावरून काचेत सोडियमाचे आयन वाहक असतात व सिलिकेटाचे जाळे स्थिर राहते, हे सिद्ध झाले.

त्यापूर्वीच १८५४ मध्ये रूडोल्फ कोलराउश यांनी लायडन पात्राच्या काचेत उरलेला विद्युत् भार कसा ओसरतो, याचे मापन केले होते. हे ओसरणे साध्या घातीय नियमाने होत नाही. प्रारंभी ते वेगाने व नंतर दीर्घकाळ रेंगाळत होते. या वर्तनासाठी त्यांनी वापरलेले गणिती फलन पुढे अस्फटिकी पदार्थांच्या अभ्यासात सर्वत्र उपयोगी ठरले. स्फटिकांतील आयन वहनाची उपपत्ती त्यांतील जालकदोषांच्या आधारे या. इ. फ्रेंकेल (१९२६) आणि व्हाल्टर शॉट्‌की व कार्ल व्हाग्नर (१९३०) यांच्या कार्यातून पुढे आली. काचेत मात्र नियमित जालकच नसल्यामुळे ‘दोष’ कशाला म्हणावयाचे, हाच प्रश्न उभा राहतो आणि म्हणून काचेतील वहनाची उपपत्ती स्वतंत्रपणे उभारावी लागली.

संरचना : काचेतील अणूंच्या मांडणीविषयी आज स्वीकारलेली मूळ कल्पना डब्ल्यू. एच. झाकारियासेन यांनी १९३२ मध्ये मांडली व तिला बी. ई. वॉरेन यांच्या क्ष-किरण विवर्तनाच्या प्रयोगांनी पुष्टी मिळाली. या कल्पनेनुसार सिलिका काचेत प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणूंचा चतुष्फलक असतो. शेजारचे चतुष्फलक एका सामाईक ऑक्सिजन अणूने जोडलेले असतात. एकेक चतुष्फलक स्फटिकातल्याइतकाच सुबक असतो, परंतु दोन चतुष्फलकांमधील कोन ठिकठिकाणी वेगळा असल्याने दूरवरची सुव्यवस्था नाहीशी होते. सिलिका, बोरिक ऑक्साइड, फॉस्फरस पेंटॉक्साइड यांना जालकारक ऑक्साइडे म्हणतात.

अशा जाळ्यात सोडियम ऑक्साइड मिसळले की, त्याच्या प्रत्येक रेणूमागे एक सेतुबंध तुटतो आणि केवळ एकाच सिलिकॉनाशी जोडलेले दोन ऑक्सिजन अणू तयार होतात. त्यांवरील ऋण विद्युत् भाराजवळ दोन सोडियम आयन स्थान घेतात. सोडियम ऑक्साइडासारख्या अशा द्रव्यांना जालपरिवर्तक म्हणतात. काचेतील वाहक आयन हेच होत. शुद्ध सिलिका काचेत जी अत्यल्प संवाहकता आढळते तीही बहुधा त्यातील सोडियमाच्या लेशमात्र मलद्रव्यामुळे असते. १९८५ मध्ये जी. एन. ग्रीव्ह्ज यांनी क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्म मापनांवरून झाकारियासेन यांच्या चित्रात सुधारणा सुचविली. त्यांच्या मते परिवर्तक आयन जाळ्यात सर्वत्र सारखे विखुरलेले नसतात, तर ते एकत्र येऊन जाळ्यामधून जाणाऱ्या नागमोडी पट्ट्या किंवा ओघळ बनवितात. हे ओघळ एकमेकांस जोडले गेले की, आयनांना काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मार्ग मिळतो. सोडियमाचे प्रमाण थोडे वाढविले तरी संवाहकता हजारो पट का वाढते, याचा काही उलगडा या चित्रावरून होतो.

वहनाची मूलभूत यंत्रणा : काचेतील आयन बहुतेक सर्व काळ आपल्या स्थानी कंप पावत असतो. त्याच्या भोवतीचे ऑक्सिजन अणू त्याला जणू पिंजऱ्यात धरून ठेवतात. शेजारच्या रिकाम्या वा रिकाम्या होऊ शकणाऱ्या स्थानाकडे जाण्यासाठी त्याला एक ऊर्जारोध ओलांडावा लागतो. या रोधाच्या उंचीस सक्रियण ऊर्जा म्हणतात. आयनास पुरेशी ऊष्मीय ऊर्जा मिळण्याची संभाव्यता तापमानाबरोबर घातीय रीतीने वाढते. त्यामुळे संवाहकता व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराचा लॉगरिथम हा निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तांकासमोर मांडल्यास काच संक्रमण तापमानाखाली साधारणपणे सरळ रेषा मिळते व तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढता येते.

एका उदाहरणावरून या राशींची कल्पना येईल. सोडियम सिलिकेट काचेत सक्रियण ऊर्जा ०·६५ इ. व्हो. (इलेक्ट्रॉन व्होल्ट), आयनाच्या कंपनांची कंप्रता दर सेकंदास दहा लाख कोटी आणि उडीचे अंतर ०·३ नॅनोमीटर मानू. २७° से. ला सु. आठ हजार कोटी कंपनांमागे एक उडी यशस्वी होते, म्हणजे आयन दर सेकंदास सु. १२० उड्या मारतो. ३००° से. ला हीच संख्या दर सेकंदास सु. दोन कोटी होते. अर्थात या तापमानवाढीने उड्यांची त्वरा दीड लाख पटींहून अधिक वाढते. आयनांची संख्याघनता दर घ. सेंमी.मध्ये एकावर बावीस शून्ये इतकी धरल्यास २७° से. ला मिळणारी संवाहकता दर सेंमी.स सु. एक अब्जांश सीमेन्स येते. ती सामान्य सोडियम सिलिकेट काचांच्या मापनांशी परिमाणाच्या दृष्टीने जुळते.

विद्युत् क्षेत्र नसताना या उड्या सर्व दिशांना सारख्याच होतात व त्यांतून केवळ विसरण घडते. क्षेत्र लावले म्हणजे त्याच्या दिशेने असलेला रोध किंचित कमी व विरुद्ध दिशेचा किंचित जास्त होतो. दर सेंमी.स १०० व्होल्ट इतक्या क्षेत्रातही हा फरक फार लहान असतो. वरील उदाहरणात विरुद्ध दिशेच्या दर दहा हजार उड्यांमागे क्षेत्राच्या दिशेने सु. एकच उडी अधिक होते. काचेतून वाहणारा सर्व प्रवाह या अल्प आधिक्याचा परिणाम असतो. विसरण गुणांक व संवाहकता यांची सांगड नेर्न्स्ट-आइन्स्टाइन संबंधाने घातली जाते. किरणोत्सर्गी समस्थानिकाचा मागोवा घेऊन मोजलेला विसरण गुणांक व संवाहकतेवरून काढलेला विसरण गुणांक यांच्या गुणोत्तरास हेवन गुणोत्तर म्हणतात. आयन एकमेकांपासून स्वतंत्रपणे व यदृच्छया उड्या मारीत असते, तर हे गुणोत्तर १ आले असते. क्षारीय आयन विपुल असलेल्या काचांत ते बहुधा ०·२ ते ०·६ यांदरम्यान आढळते. याचा अर्थ, एका आयनाची हालचाल दुसऱ्याच्या हालचालीशी निगडित असते.

अँडरसन-स्टुअर्ट प्रतिकृती : सक्रियण ऊर्जा कशापासून बनते, याचे पहिले समाधानकारक उत्तर ओ. एल. अँडरसन व डी. ए. स्टुअर्ट यांनी १९५४ मध्ये दिले. त्यांच्या मते ही ऊर्जा दोन भागांची बेरीज असते. पहिला भाग स्थिर विद्युतीय असून तो धनायनाला त्याच्या ऋणभारित ऑक्सिजन शेजाऱ्यापासून दूर नेण्यासाठी लागतो. दुसरा भाग स्थितिस्थापक असून तो दोन स्थानांमधील अरुंद दार आयन जाऊ शकेल इतके रुंद करण्यासाठी लागतो. हा भाग काचेचा दृढता गुणांक आणि आयन व दार यांच्या त्रिज्यांमधील फरकाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. लिथियमासारख्या लहान आयनास दारातून जाणे सोपे, पण ऑक्सिजनापासून सुटणे अवघड. सीझियमासारख्या मोठ्या आयनाच्या बाबतीत परिस्थिती उलट असते.

ही प्रतिकृती साधी असली, तरी तिने काच-संशोधकांना दिशा दिली. जाळ्यातील ऑक्सिजनाऐवजी गंधक आणल्यास काय होईल, हे तिच्यावरून आधीच ओळखता येते. गंधकाचा आयन मोठा व सहज ध्रुवणीय असल्यामुळे तो धनायनाला सैल धरतो आणि त्याने बनलेले जाळेही अधिक मऊ असते. त्यामुळे ऊर्जेचे दोन्ही भाग कमी होतात. अपेक्षेप्रमाणे लिथियमाच्या ऑक्साइड काचांपेक्षा सल्फाइड काचांची संवाहकता कक्ष तापमानास पुष्कळ पटींनी जास्त आढळली. चांदीच्या आयोडाइडयुक्त काचांत सक्रियण ऊर्जा सु. ०·३ इ. व्हो.पर्यंत खाली येते व संवाहकता दर सेंमी.स सु. एक शतांश सीमेन्सपर्यंत, म्हणजे विद्रावांच्या तोडीची होते. प्रतिकृतीची मर्यादा अशी की, ती एकाच आयनाचा व एकाच सरासरी रोधाचा विचार करते.

वाहकांची संख्या : संवाहकता ही वाहकांची संख्याघनता, त्यांवरील विद्युत् भार व त्यांची गतिशीलता यांचा गुणाकार असते. मापनातून केवळ गुणाकार मिळतो. त्याचे संख्या व गतिशीलता असे विभाजन कसे करावयाचे, हा या विषयातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद होय. १९७७ मध्ये डी. रावेन व जे. एल. सूके यांनी काच ही दुर्बल विद्युत् विच्छेद्य आहे, अशी कल्पना मांडली. पाण्यातील ॲसिटिक अम्लाचा जसा थोडाच अंश विगमित होतो, तसे काचेतील बहुतेक सोडियम आयन ऑक्सिजनाशी बद्ध असतात व अगदी थोडे मुक्त होऊन वहन करतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. विद्युत् घटांच्या मापनांवरून काढलेल्या सोडियम ऑक्साइडाच्या ऊष्मागतिकीय सक्रियतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात संवाहकता बदलते, असे त्यांना आढळले. दुर्बल विद्युत् विच्छेद्याकडून अपेक्षित असलेला संबंध हाच होय. या मतानुसार काचेचे संघटन बदलल्याने मुख्यत्वे वाहकांची संख्या बदलते व गतिशीलता फारशी बदलत नाही.

याउलट दुसऱ्या मतानुसार काचेतील सर्वच परिवर्तक आयन वाहक असतात व संघटनानुसार त्यांची गतिशीलता बदलते. या वादाचा निकाल एका प्रयोगाने लागणे कठीण आहे, कारण ‘मुक्त’ आयन म्हणजे काय, याचे उत्तर निरीक्षणाच्या कालावधीवर अवलंबून असते. अतिसूक्ष्म काळात पाहिल्यास बहुतेक आयन जागच्या जागी असतात व मोजकेच उडी मारताना दिसतात. काही मिनिटे पाहिल्यास त्यांतील जवळजवळ प्रत्येक आयनाने जागा बदललेली असते. मीठ विरघळलेल्या पाण्यात मुक्त व बद्ध असा जो स्पष्ट भेद करता येतो, तो ज्या पदार्थात हालचाल म्हणजेच उडी अशा पदार्थात तितक्या काटेकोरपणे करता येत नाही, असे या वादातून निष्पन्न झाले.

रोधांची विषमता व कंप्रतेचा परिणाम : काचेत दोन स्थाने तंतोतंत सारखी नसल्यामुळे ऊर्जारोधांची उंचीही जागोजागी वेगळी असते. अशा पदार्थाची संवाहकता सरासरी रोधावर ठरत नाही. डोंगररांग ओलांडणारा वाटसरू शिखरांची सरासरी उंची पाहत नाही, तर खिंड शोधतो. त्याचप्रमाणे आयन कमी उंचीच्या रोधांनी जोडलेल्या मार्गाने जातात आणि अशा सलग मार्गावरील सर्वांत उंच रोध एकदिश प्रवाहाची संवाहकता ठरवितो. या विचारावर आधारलेली यादृच्छिक रोधांची प्रतिकृती जे. सी. ड्यूरे यांनी १९८८ मध्ये विकसित केली.

प्रत्यावर्ती विद्युत् क्षेत्र वापरले असता हा विषमपणा उघड होतो. कमी कंप्रतेस संवाहकता स्थिर राहते. विशिष्ट कंप्रतेपलीकडे ती कंप्रतेच्या घाताच्या प्रमाणात वाढू लागते व या घाताचा निर्देशांक बहुधा ०·६ ते १ यांदरम्यान असतो. हे वर्तन रासायनिक दृष्ट्या अत्यंत भिन्न पदार्थांतही आढळते, याकडे ए. के. जॉन्शर यांनी १९७७ मध्ये लक्ष वेधले. त्याचे स्पष्टीकरण असे की, आयनाची उडी पुष्कळदा टिकत नाही. नवीन जागी त्याच्या शेजाऱ्यांची मांडणी त्याला अनुकूल नसते, त्यामुळे तो लगेच मागे परततो. जलद आलटणाऱ्या क्षेत्राला अशा पुढे-मागे होणाऱ्या उड्याही प्रवाहरूपाने दिसतात. स्थिर क्षेत्रात मात्र त्या परस्परांस छेद देतात व केवळ टिकलेल्या उड्याच प्रवाहात जमा होतात. शेजाऱ्यांनी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले की, उडी टिकते. के. फुंके यांच्या प्रतिकृतीत या शिथिलनावर भर दिलेला आहे. तर के. एल. न्गाई यांच्या प्रतिकृतीत आयनांमधील परस्पर युग्मनावरून कोलराउश फलनाचा उलगडा केलेला आहे.

मिश्र क्षार परिणाम : काचेतील सोडियमाचा काही भाग काढून त्याजागी तितकेच पोटॅशियम घातल्यास वाहकांची एकूण संख्या तीच राहते. तरीही संवाहकता शेकडो किंवा हजारो पट घटते व दोन्ही आयन जवळजवळ सारख्या प्रमाणात असताना ती किमान होते. हा मिश्र क्षार परिणाम कोणत्याही प्रतिकृतीची खरी कसोटी मानला जातो. त्याचा एक आविष्कार एकोणिसाव्या शतकातच जर्मनीत तापमापकांच्या निर्मितीत त्रासदायक ठरला होता. सोडा व पोटॅश हे दोन्ही असलेल्या काचेचा तापमापक एकदा तापविल्यावर त्याचा शून्यांक खाली सरके व दीर्घकाळ पूर्वपदावर येत नसे. येना येथे ओटो शॉट यांनी तापमापकांसाठी खास काचा बनविल्या, त्या या अडचणीतूनच.

पी. मास, ए. बुंडे व एम. डी. इंग्राम यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत मांडलेल्या प्रतिकृतीनुसार प्रत्येक आयन आपल्या भोवतालच्या जाळ्यास आपल्याला साजेसा आकार देतो. सोडियमाने सोडलेली जागा काही काळ सोडियमालाच योग्य राहते व पोटॅशियमाला तेथे शिरण्यास अधिक ऊर्जा लागते. दोन जातींचे आयन मिसळलेले असले म्हणजे ते एकमेकांचे मार्ग तोडतात. जे. स्वेन्सन व एस. ॲडम्स यांनी २००३ मध्ये विवर्तनाच्या मापनांशी जुळणाऱ्या संरचना संगणकावर उभारून त्यांतील मार्ग शोधले. तेव्हा दोन्ही आयन जाळ्यात यदृच्छया मिसळलेले असून एकाच्या मार्गावरील बऱ्याच जागा दुसऱ्याने अडविलेल्या असतात, असे दिसून आले.

संगणकीय सदृशीकरण : आयनांचा प्रत्यक्ष मार्ग पाहता येत नसल्यामुळे संगणकावर काचेचे सदृशीकरण करणे हे संशोधनाचे प्रमुख साधन झाले आहे. रेणवीय गतिकी या पद्धतीत प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांमुळे पडणारी प्रेरणा काढतात व न्यूटन यांच्या गतिनियमांनुसार त्याचे स्थान अतिसूक्ष्म कालावधीने पुढे सरकवितात. ही क्रिया लक्षावधी वेळा केली असता अणूंच्या हालचालीचा जणू चलत्‌चित्रपट मिळतो. ही पद्धत वास्तव द्रवाला प्रथम लावणारे अनीसुर रहमान हे मूळचे हैदराबादचे. त्यांनी अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६४ मध्ये द्रव अरगॉनाच्या ८६४ अणूंच्या गतीचे गणन केले व पुढे १९७६ मध्ये कॅल्शियम फ्ल्युओराइडातील आयनांच्या विसरणाचाही याच रीतीने अभ्यास केला. त्याच वर्षी एल. व्ही. वुडकॉक, सी. ए. एंजेल व पी. चीझमन यांनी सिलिका काचेचे सदृशीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच सोडियम सिलिकेट काचांचीही सदृशीकरणे होऊ लागली.

अशा गणनांत उच्च तापमानाच्या वितळलेल्या पदार्थापासून प्रारंभ करून तो थंड करीत काच बनवितात. मग आयनांच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काळानुसार कशी वाढते, यावरून विसरण गुणांक काढतात. आयन अखंड सरकत नसून एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी उडी मारतात, हे या गणनांतून स्पष्ट दिसले. एका आयनाने जागा सोडताच मागचा आयन तेथे येतो, अशा साखळीसारख्या हालचालीही त्यांत आढळल्या. हेवन गुणोत्तर १ पेक्षा कमी का असते, याचे उत्तर या साखळीत मिळते.

या पद्धतीपुढील मुख्य अडचण काळाची आहे. गणनातील एक पायरी सु. एक फेम्टोसेकंदाची, म्हणजे सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केल्यास त्यांतील एका भागाएवढी असते. वर घेतलेल्या उदाहरणातील आयन ७२७° से. ला दर सेकंदास सु. पाचशे कोटी उड्या मारतो, त्यामुळे दहा लाख पायऱ्यांच्या गणनात त्याच्या सु. पाच उड्या दिसतात. २७° से. ला मात्र त्याची एक उडी पाहण्यासाठी सु. आठ लाख कोटी पायऱ्या लागतील. म्हणून गणन उच्च तापमानास करून त्याचे निष्कर्ष कक्ष तापमानापर्यंत ताणले जातात व असे करणे नेहमी सुरक्षित नसते. दुसरी अडचण अशी की, संगणकातील काच वास्तव काचेपेक्षा अब्जावधी पट वेगाने थंड केली जाते. त्यामुळे तिची संरचना अधिक विस्कळित राहते. तिसरी अडचण प्रेरणांच्या अचूकतेची आहे. आर. कार व एम. पारिनेल्लो यांनी १९८५ मध्ये दाखविलेल्या रीतीने या प्रेरणा पुंजयामिकीवरून काढता येतात, परंतु मग काही शे अणूंचेच गणन परवडते. जे. बेलर व पारिनेल्लो यांनी २००७ मध्ये सुचविलेल्या मार्गाने पुंजयामिकीय गणनांचे नमुने संगणकाला शिकवून त्यावरून प्रेरणा काढण्याची पद्धत आता रूढ होत असून तीमुळे अचूकता व आकारमान या दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागतात. याखेरीज एकेका अणूची गती न पाहता केवळ उड्यांची संभाव्यता विचारात घेणारी माँटे कार्लो पद्धतही दीर्घ काळाच्या गणनासाठी वापरतात.

उपयोग : आम्लता मोजणाऱ्या काच विद्युत् अग्राचे कार्य काचेच्या पातळ पटलातील आयन वहनावर अवलंबून असते. अशा पटलावरील वर्चोभेद विद्रावाच्या अम्लतेनुसार बदलतो, हे एम. क्रेमर यांनी १९०६ मध्ये दाखविले व फ्रिट्स हाबर आणि झेड. क्लेमेन्सिएव्हिच यांनी १९०९ मध्ये त्याचा सखोल अभ्यास केला. सोडियमयुक्त काच सु. ४००° से. तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटात ठेवली असता तिच्या पृष्ठभागातील सोडियमाची जागा मोठे पोटॅशियम आयन घेतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली येऊन काच चिवट बनते. भ्रमणध्वनींच्या पडद्यांवरील काचा अशाच प्रकारे बनवितात. काच व सिलिकॉन यांचा गोंदाशिवाय सांधा करण्याच्या जी. वॉलिस व डी. आय. पोमेरांट्झ यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीतही तापविलेल्या काचेतील सोडियम आयन विद्युत् क्षेत्राने सांध्यापासून दूर नेले जातात.

आज सर्वाधिक प्रयत्न घन विद्युत् घटांच्या दिशेने चालू आहेत. प्रचलित लिथियम घटांतील सेंद्रिय द्रव ज्वालाग्राही असतो. त्याऐवजी काच वापरल्यास आगीचा धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय काचेत केवळ लिथियमच वाहक असते आणि स्फटिकी चूर्णाच्या ठोकळ्यात कणांच्या सीमांवर होणारा अडथळाही तीत नसतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या लिथियम फॉस्फरस ऑक्सिनायट्राइड या काचेची संवाहकता दर सेंमी.स सु. दोन दशलक्षांश सीमेन्सच आहे. परंतु तिचा थर सु. एक मायक्रोमीटर जाडीचा करता येत असल्याने दर चौ. सेंमी.स रोध सु. ५० ओहमच येतो व लहान घटांना ती पुरेशी ठरते. लिथियम सल्फाइड व फॉस्फरस पेंटासल्फाइड यांच्या काचांची संवाहकता दर सेंमी.स सु. एक दशसहस्रांश सीमेन्स असून नियंत्रित तापनाने त्यांतून अंशतः स्फटिक काढल्यास ती आणखी वाढते. मात्र सल्फाइडे दमट हवेत विघटन पावून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तसेच काचेतील सूक्ष्म भेगांतून लिथियम धातूचे कोंब वाढून घटात लघुमंडल होऊ शकते. उच्च संवाहकता ही घटाची एक गरज झाली. भेगा व पृष्ठसंपर्क यांचे वर्तन समजणे ही दुसरी गरज असून सध्याच्या सदृशीकरणांचा रोख तिकडे आहे.

याच्या नेमकी उलट गरज अणुकेंद्रीय अपशिष्टाच्या साठवणीत असते. तेथे आयन शक्य तितके न हलणे इष्ट असते. भारतात तारापूर व तुर्भे येथील संयंत्रांत उच्च पातळीचे किरणोत्सर्गी अपशिष्ट बोरोसिलिकेट काचेत वितळवून बद्ध करण्यात येते. अशा काचेशी पाण्याचा संपर्क आल्यास प्रथम पृष्ठभागातील सोडियम आयन बाहेर पडून त्यांच्या जागी पाण्यातील हायड्रोजन आयन शिरतात व त्यानंतर जाळ्याचे विघटन होऊ लागते. ही क्रिया हजारो वर्षांत किती खोलवर जाईल, हे कोणत्याही प्रयोगाने प्रत्यक्ष पाहता येणार नाही. ते प्रतिकृतींच्या आधारेच ठरवावे लागते. म्हणूनच समुद्रात बुडालेल्या जहाजांतून मिळालेल्या रोमनकालीन काचा व ज्वालामुखीजन्य नैसर्गिक काचा यांच्या झिजेशी या प्रतिकृतींचे निष्कर्ष ताडून पाहिले जातात.

मर्यादा : अँडरसन-स्टुअर्ट प्रतिकृती सक्रियण ऊर्जेचा, दुर्बल विद्युत् विच्छेद्याची प्रतिकृती संघटनाच्या परिणामाचा, यादृच्छिक रोधांची प्रतिकृती कंप्रतेच्या परिणामाचा आणि गतिक संरचनेची प्रतिकृती मिश्र क्षार परिणामाचा समाधानकारक उलगडा करते. या सर्वांना सामावून घेणारी व केवळ रासायनिक संघटनावरून कोणत्याही काचेची संवाहकता अचूक सांगणारी एकच उपपत्ती मात्र सिद्ध झालेली नाही. त्यामुळे नव्या काचेचा शोध घेताना प्रतिकृतींनी सुचविलेली दिशा व प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष मापन या दोहोंचा आधार घ्यावा लागतो.